वायफायची तटबंदी

आमच्या घरातल्या इंटरनेटला तटबंदी करायची असं मी जाहीर केलं, तेव्हा घरातून एकच प्रश्न आला, "कशाला?" जगातली निम्मी थोर कामं त्या त्या घरात "कशाला" विचारणारं कुणी नव्हतं म्हणून झाली, असं माझं प्रामाणिक मत आहे. माझ्या घरात दोघीजणी आहेत.

मूळ कारण म्हणजे समोरचा दंतवैद्य. माणूस हसतमुख आहे. दातांच्या डॉक्टराला तसं राहावंच लागतं. तो राहायला आला तेव्हा त्याच्या नेटची लाइन यायची होती, म्हणून त्यानं आमच्या वायफायचा पासवर्ड मागितला आणि आमच्या हिनं तो देऊन टाकला. वाटीभर साखर द्यावी तसा. अहो, साखर संपते, पासवर्ड संपत नाही! पुढे त्याची स्वतःची लाइन आली, चांगली दणदणीत आली, पण तेव्हापासून आमचं नेट जरा अडखळलं की माझी नजर समोरच्या दाराकडे जायची. तो जिन्यात भेटला की हसायचा. इतका हसणारा माणूस काही तरी फुकट वापरत असणारच.

त्यातच कचेरीत माझ्याकडे सायबर सुरक्षेचं परिपत्रक लिहायचं काम आलं. परिपत्रकं लिहिणं हीच माझी नोकरी आहे आणि सांगायला हरकत नाही, त्यात माझा हात धरणारा आमच्या खात्यात कुणी नाही. माझी पद्धत ठरलेली. पहिल्या ओळीत सरसकट मनाई ठोकायची आणि मग खाली "तथापि" म्हणून एकेकाला सूट द्यायची. "कार्यालयात चहा पिण्यास सक्त मनाई आहे" असं वर लिहायचं. मग तथापि साहेब, तथापि साहेबांचे पाहुणे, तथापि ज्यांना डॉक्टरांनी चहा प्यायला सांगितलाय ते. वर मनाई असली की कागदाला वजन येतं. तर ते सायबर परिपत्रक मीच लिहिलेलं असल्यामुळे साहजिकच त्यातलं मला काही कळलं नव्हतं, पण "फायरवॉल" हा शब्द मात्र मनात घर करून बसला. मी त्याचं "अग्निभिंत" असं भाषांतर केलं होतं. साहेबांनी खोडलं. साहेबांना भाषेची आवड नाही.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचा सगळा पोरखेळ वाटेल. आमची ही एका कॉलेजच्या ग्रंथालयात उपग्रंथपाल आहे. बरीच वर्षं उपच आहे. मुख्य ग्रंथपालाची जागा मध्ये दोनदा निघाली आणि दोन्ही वेळा बाहेरून कुणीतरी येऊन त्या खुर्चीत बसलं, आणि कुठलं पुस्तक कुठे आहे हे त्यांना हिनंच दाखवलं. यंदा एका मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयात मुख्य ग्रंथपालाची जागा निघाली होती. वयाची अट अशी की पुढच्या वर्षी हिला अर्जसुद्धा करता येणार नाही. अर्ज स्वीकारला गेला, मुलाखत ठरली. शनिवारी सकाळी, व्हिडिओवर, घरून. ही तोंडानं काही बोलली नाही, पण रोज कपाटाच्या आरशासमोर उभी राहून पुटपुटायला लागली. एकदा तर भांडी घासताना तिनं नळाला "आदरणीय सदस्यहो" म्हटलेलं मी या कानांनी ऐकलं.

अशा वेळी शहाणा नवरा काय करतो? काही करत नाही. मी फायरवॉल आणली.

चौकातल्या कॉम्प्युटरवाल्यानं ती फडताळातून खाली काढून धूळ झटकली. काळा लोखंडी डबा, वर तीन शिंगं. "साहेब, फायरवॉल आणि राउटर, दोन्ही एकातच. परवानगीशिवाय पाखरू आत येणार नाही."

"घरगुती वापराला चालेल ना?"

"घराला काय, किल्ल्याला चालेल!"

मी तिथेच विरघळलो. आमचा जुना राउटर त्यानं मोडीत घेतला. "पुन्हा लागला तर?" मी विचारलं. "आता तो कशाला लागतोय!" तो म्हणाला. या वाक्याची मला पुढे फार आठवण झाली, आणि ती येताना दरवेळी एक शिवी घेऊन आली.

डबा दिवाणखान्यात टीव्हीशेजारी विराजमान झाला. लेकीचा लॅपटॉप वायरनं त्याला जोडला की त्याचं पान उघडायचं, आणि त्या पानावर नियम लिहायची सोय होती. नियम! मला कुणी घरी बसून नियम लिहायला सांगतंय! मी खुर्ची पुढे ओढली. पहिला नियम: सर्वांना, सर्व ठिकाणी, सर्व प्रकारची मनाई. दुसरा: तथापि, कुटुंबप्रमुखाच्या फोनला सूट. तिसरा: तथापि, सौभाग्यवतींच्या लॅपटॉपला सूट. चौथा: तथापि, कन्येला सूट, अभ्यासापुरती. नियम पाहून मला भरून आलं. इतकं नेटकं काम मी कचेरीतसुद्धा केलं नव्हतं, कारण तिथे साहेब खोडतात.

सगळं झालं आणि डब्यावर लाल दिवा लागला. लालच राहिला.

नेट कंपनीच्या तक्रार क्रमांकावर फोन केला तर मशीनमधली बाई म्हणाली की आपला फोन आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे. मग तिनं संगीत लावलं. मी दाढी केली, आंघोळ केली, संगीत चालूच. शेवटी एक खरा माणूस आला आणि म्हणाला, "तुमची लाइन जुन्या राउटरला ओळखते. नव्याचा क्रमांक नोंदवा." कुठे नोंदवू, असं विचारायच्या आत त्यानं माझं समाधान झाल्याचं गृहीत धरून फोन ठेवला.

म्हणून कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी कंपनीच्या शाखेत गेलो. खिडकीतल्या मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"ही नोंदणी ऑनलाइन होते, सर."

"अहो, पण नेट बंद आहे म्हणूनच तर आलोय."

"मग नेट चालू झालं की करा."

तिच्या चेहऱ्यावर एक रेष हलली नाही. मला तिचा संतापही आला आणि एकाच धंद्यातली म्हणून आदरही वाटला. असलं वाक्य जमायला मला दोन-दोन कच्चे मसुदे करावे लागतात.

बाहेर फुटपाथवर उभं राहून फोनवरच नोंदणी करायला घेतली, कारण आमच्या घरात फोनचं स्वतःचं नेट एका खिडकीपलीकडे पोचत नाही. सगळं भरलं, तर म्हणे खात्री करायला आकडे पाठवलेत. कुणाला? तर हिच्या फोनवर, कारण कनेक्शन हिच्या नावावर. आणि हिचा फोन ग्रंथालयात कपाटात बंद, कारण तिथे फोन वाजला तर दंड, आणि तो दंड वसूल करणारी हीच. मी ग्रंथालयाच्या टेबलावरच्या फोनला फोन लावला. ही आली, कपाट उघडलं, आकडे कुजबुजत सांगितले. तेवढ्यात त्या आकड्यांची मुदत संपली. पुन्हा आकडे, पुन्हा फोन. "अगं, जरा मोठ्यानं बोल की!" मी ओरडलो. "इथे मोठ्यानं बोलत नाहीत," ती कुजबुजली. फुटपाथवरची माणसं माझ्याकडे बघायला लागली. पण काम झालं. घरी येऊन पाहतो तो दिवा हिरवा!

मी फोन काढला. वायफायची तीन कमानींची खूण आली, आणि तिच्याखाली बारीक अक्षरात लिहून आलं: जोडलेलं आहे, इंटरनेट नाही. म्हणजे साहेबांच्या केबिनबाहेर बसायला खुर्ची दिलीय, पण आत बोलावत नाहीत. हिच्या लॅपटॉपवर तेच. लेकीच्या फोनवर तेच. वायर लावली तरी तेच.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. आमच्याकडे कुणाच्या घरी मरण झालं तर खालच्या मजल्यावर दुसऱ्या दिवशी कळतं, पण कुणाचं काही बिघडलं की बिघडायच्या आधी माणसं सल्ला घेऊन हजर. पहिले आले वरच्या मजल्यावरचे सर्वज्ञ. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते कुणी वापरत नाही. त्यांनी डब्याची तिन्ही शिंगं तीन दिशांना वाकवली, डोळे मिटून उभे राहिले, जणू लहरी त्यांना अंगावर जाणवत होत्या, आणि मग झोपायच्या खोलीत जाऊन ओरडले, "सापडलं!"

काय सापडलं? तर हिच्या कपाटाचा आरसा. "आरसा लहरी परत फेकतो. लहान पोराला कळेल. कपाट फिरवा."

आम्ही दोघांनी ते अवजड कपाट ढकलत ढकलत फिरवलं, तोंड भिंतीकडे केलं, आणि शेवटच्या धक्क्याला सर्वज्ञांच्या कमरेत उसण भरली. त्यांना जिन्यानं वर पोचवण्यात माझी संध्याकाळ गेली. कपाट परत फिरवायला आता कुणी नव्हतं, नेट होतं तसंच होतं, आणि हिनं मुलाखतीसाठी इस्त्री करून ठेवलेले कपडे कपाटात होते. उशिरा ही घरी आली, कपाटाच्या पाठीकडे बघत उभी राहिली. "मी आता भिंतीशी बोलू का?" एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. त्यानं एक यंत्र लाइनीला लावलं, मान हलवली. "घरापर्यंत लाइन फक्कड आहे. डबा तुमचा आहे, त्यात आम्ही बोट घालत नाही. फार तर जिन्यातल्या पेटीतला जोड बघतो." जिन्यातल्या पेटीला कुलूप, आणि किल्ली इमारतीच्या चेअरमनकडे. चेअरमन दारातच म्हणाले, "लेखी अर्ज द्या." मी उभ्या उभ्या असा अर्ज लिहिला की कचेरीत नमुना म्हणून लावावा. त्यांनी तो चष्मा वर-खाली करत वाचला आणि परत दिला. "विषय लिहिलेला नाही."

मला! मला विषय लिहायला सांगितला! ज्या माणसानं खात्याला विषय कसे लिहायचे ते शिकवलं, त्या माणसाला! मी दात आवळून विषय लिहिला. पेटी उघडली. जोड ठणठणीत होता. शिवाय आत चेअरमनच्या जुन्या चपला आणि एक मोडकी छत्री होती. त्यांचा खुलासा त्यांनी केला नाही, आणि मीही विचारला नाही, कारण त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागला असता.

राहता राहिले खालचे निवृत्त ऑडिटर. ते बोलावल्याशिवाय येत नाहीत, म्हणून मीच बोलावलं. त्यांनी लॅपटॉपवरचे माझे नियम बोट लावून लावून वाचले. "वा! मुद्देसूद. मनाई स्पष्ट, अपवाद स्वतंत्र. एकच सुचवू? पहिल्या ओळीत 'सक्त' राहिलंय." मी कृतज्ञतेनं "सक्त" घातलं. नेट आलं नाही, पण आठवड्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या कामाची किंमत केली होती.

लेक मात्र त्यांच्या पाठीमागे उभी राहून डोळे फिरवत होती. ते गेल्यावर म्हणाली, "बाबा, डब्याच्या मागे एक बारीक भोक असतं. त्यात टाचणी घालून दाबून धरली की सगळं पुसलं जातं आणि डबा नवा होतो. मग साधं वायफाय चालेल."

"सगळं म्हणजे?"

"तुमचे नियमसुद्धा."

"त्या भोकाला हात लावायचा नाही," मी म्हणालो. मी आवाज चढवला नव्हता, पण ती दोन पावलं मागे सरली.

त्या दिवशी जेवताना ही सहज बोलावं तसं बोलली, "मी काय म्हणते, शनिवारी समोर डॉक्टरांकडे बसून देते मुलाखत. सकाळी त्यांची एक खोली रिकामीच असते. मी विचारलंही नाही अजून, पण ते नाही म्हणायचे नाहीत."

माझा घास हातातच राहिला. "त्याच्याकडे? ज्याच्यापासून घर राखायला मी हा डबा आणला, त्याच्या घरात जाऊन बसणार? उद्या जिन्यात तो माझ्याकडे बघून कसा हसेल!"

"ते असेही हसतात."

"ते काही नाही. तुझी मुलाखत माझ्या नेटवर, माझ्या घरात होईल. मी आहे ना!"

"तुम्ही आहात, तीच तर..." लेक बोलायला लागली, तेवढ्यात हिनं तिच्या ताटात काहीतरी वाढलं.

"अहो, माझी ही शेवटची संधी आहे," ही म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "पुन्हा नाही मिळायची. मला ती तुमच्या डब्यापायी घालवायची नाही."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण वाईट वाटलं की माणूस नरमतो असं थोडंच आहे? मी म्हणालो, "शनिवारच्या आत चालू झालं नाही तर नाव बदलीन."

"बरं," ही म्हणाली.

संसार केलेल्या माणसाला मी सांगायला नको. बायकोचं "बरं" म्हणजे होकार नव्हे. कोर्टात न्यायाधीश टोपण लावून पेन खाली ठेवतो, तसलं ते "बरं" असतं. निकाल लागलेला असतो. आपल्याला तेवढा कळवलेला नसतो.

शुक्रवारी मी कचेरीतून लवकर आलो. डबा बंद केला, चालू केला. शिंगं सरळ केली, मग एक वाकडं केलं, मग राग येऊन डब्यावर एक चापट मारली. आणि काय सांगू! आतल्या खोलीतून लेक ओरडली, "बाबा! चालू झालं! आईच्या लॅपटॉपवर चालू झालं!"

मी धावलो. चित्रं पळत होती, माणसं बोलत होती, एक क्षणही अडकत नव्हतं. "तुमचा फोन द्या," लेक म्हणाली, आणि तिनं त्यावर काहीतरी दोन-चार टिचक्या मारून परत दिला. तिन्ही कमानी भरलेल्या! फोनवरही नेट पाण्यासारखं वाहत होतं. ही दारात उभी होती. "झालं बाई एकदाचं," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, डोळे पुसायला गेली.

त्या संध्याकाळी मी सर्वज्ञांच्या अंथरुणाशी बसून त्यांना सविस्तर हकीकत सांगितली. चापट कुठे आणि किती जोरात मारायची असते, तेही. ऑडिटरांना सांगितली. चेअरमनना तर मुद्दाम जाऊन, विषयासकट सांगितली. जिन्यात दंतवैद्य भेटला, तेव्हा मी स्वतःहून थांबलो. "आमचं नेटवर्क आता अभेद्य आहे, डॉक्टर. परवानगीशिवाय पाखरू येणार नाही."

"वा, अभिनंदन साहेब," तो म्हणाला, आणि हसला. पण नेहमीसारखा नाही हसला; ओठ मिटून हसला. मी समजलो, झोंबलं.

शनिवारी सकाळी ही तयार होऊन आतल्या खोलीत बसली. नेसायचे कपडे कुठून आणले कुणास ठाऊक. बहुधा लेकीनं कपाट आणि भिंतीच्या फटीतून हात घालून ओढून काढले असावेत, कारण त्यांना एक आडवी चुणी पडली होती. दार लावून घेतलं. मी दिवाणखान्यात डब्यासमोर पहाऱ्याला. लेकीचा लॅपटॉप मांडीवर, डब्याला वायर, समोर माझे नियम. लेक माझ्याकडे बघत होती. "बाबा, तुम्ही फक्त बसा हं. कशालाही हात लावू नका." मी तिला नजरेनंच गप्प केलं.

दारातून हिचा आवाज येत होता. पहिली दोन उत्तरं जरा घाईची झाली. मग कुणीतरी भारदस्त आवाजात विचारलं, "तुम्ही आमच्याकडे आलात तर पहिला बदल काय कराल?"

मी कान दाराकडे केला. ही बोलायला लागली, आणि हा आवाज मी नळासमोर ऐकलेला नव्हता.

"मी तुमच्या दारावरची पाटी बदलीन. मी मुद्दाम येऊन बघून गेले. वर मोठ्या अक्षरात आहे, 'बाहेरील व्यक्तींना प्रवेश नाही.' खाली बारीक अक्षरात आहे की विद्यार्थ्यांना आहे, अभ्यासकांना आहे, ज्येष्ठांना आहे, आणि एक दिवसाचा पास काढला तर कुणालाही आहे. मी तिथे बाकावर बसून राहिले होते. माणसं येत होती, पहिली ओळ वाचत होती आणि परत जात होती. दुसरी ओळ एकानंही वाचली नाही. पहिल्याच ओळीत नाही म्हटलं, की पुढचं कोण वाचतो? मी एकही नियम काढणार नाही. फक्त खालच्या ओळी वर घेईन आणि वरची ओळ खाली नेईन."

"हे कसं काय सुचलं तुम्हाला?"

"आमच्या घरात परिपत्रकं लिहिणारे एक गृहस्थ आहेत," ही म्हणाली.

आतून हशा आला. चांगला तीन-चार माणसांचा. माझे कान तापले. ही मुलाखत आहे की माझा हिशेब मांडायला बसलेत? सगळ्या खात्यात मान असलेला माणूस, आणि स्वतःच्या घरात, स्वतःच्या नेटवर... मी रागानं समोर पाहिलं. समोर माझे नियम होते. पहिली ओळ: सर्वांना, सर्व ठिकाणी, सर्व प्रकारची सक्त मनाई.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे! हा डबा पण तसलाच! वरून वाचत येतो, पहिल्या ओळीत "मनाई" दिसली की तिथेच थांबतो, आणि माझी सगळी "तथापि" खाली ताटकळत बसतात! आठवडाभर मी लाइन तपासली, जिना तपासला, आरसा फिरवला, एका माणसाची कंबर घालवली, आणि दोष माझ्या पहिल्या ओळीत होता. मला वाटलं उठून नाचावं. मी ती ओळ उचलली, सगळ्यांच्या खाली नेली आणि मागचा-पुढचा विचार न करता "लागू करा" दाबलं.

पडद्यावर आलं: बदल लागू करण्यासाठी उपकरण पुन्हा सुरू होत आहे.

डब्यावरचे सगळे दिवे विझले.

हिची शेवटची संधी, आणि मी आपल्या हातानं, ऐन मुलाखतीत, वायर कापल्यासारखी कापली. ती खोलीत अडकलेल्या चित्राकडे बघत बसली असेल, तोंड उघडं, वाक्य अर्धं. मी देवाचं नाव घ्यायला लागलो. डबा मेल्यासारखा पडला होता.

आणि आतून हिचा आवाज आला. "...लहान मुलांचा विभाग तळमजल्यावर आणावा लागेल, कारण..." मोकळा, ठाम, एकदाही न अडकता. त्यावर कुणीतरी काहीतरी विचारलं. हिनं उत्तर दिलं. पुन्हा हसू.

मी डब्याकडे पाहिलं. काळाठिक्कर. मी फोनकडे पाहिलं. तिन्ही कमानी भरलेल्या. मग मी आठवडाभरात जे एकदाही केलं नव्हतं ते केलं. त्या कमानींवर बोट ठेवून नेटवर्कचं नाव वाचलं.

"हसरे दात."

मी मान वर केली. लेक छताकडे बघत होती. छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

थोड्या वेळानं डब्याचे दिवे एकेक करत परत आले. हिरवा लागला. मी हळूच फोन "हसरे दात"वरून काढला आणि माझ्या नेटवर्कला जोडला. नेट आलं. लख्ख आलं. आठवड्यात पहिल्यांदा माझा डबा खरोखरचा चालू झाला होता, आणि त्यावर माझ्याशिवाय कुणीही नव्हतं.

दार उघडलं. ही बाहेर आली. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी. "कधी रुजू होऊ शकता, असं विचारलं हो त्यांनी! पत्र येईल, पण अध्यक्ष म्हणाले, मनाची तयारी करा म्हणून." लेकीनं उडी मारून तिच्या गळ्यात हात टाकले. मीही उठलो. मला इतका आनंद झाला होता की शब्द सुचेनात. शब्द हीच माझी नोकरी, तरी सुचेनात.

"आणि नेट?" मी विचारलं. कशाला विचारलं, देव जाणे.

हिनं माझ्याकडे पाहिलं. लेकीनं हिच्याकडे पाहिलं.

"एकदासुद्धा अडकलं नाही," ही म्हणाली. "तुमच्यामुळेच झालं बघा."

मला सांगायचं होतं. छातीत मावत नव्हतं. आत्ता झालंय, अगं, आत्ता खरंच चालू झालंय, मी स्वतः शोधून काढलं, तुझ्याच उत्तरातून सापडलं! पण ते सांगायचं तर आधी चालत नव्हतं हे मला माहीत आहे, हेही सांगावं लागलं असतं.

ही बहिणीला फोन करायला आत गेली. दार उघडंच होतं. "मिळाल्यातच जमा आहे गं," ती म्हणत होती. "नाही गं, नेटचा काही त्रास नाही झाला. ह्यांनी सगळं केलं. आठवडाभर धड जेवले नाहीत बिचारे." बहिणीशी खोटं बोलायची तिला काही गरज नव्हती. मी ऐकतोय हेही तिला माहीत नव्हतं. तरी तिथेही तिनं माझी लाज राखली.

साहेबांनी माझ्या मसुद्यावर सही ठोकून शाबासकी घेतली की मी घरी येऊन तासभर तणतणतो. समोरच्या दंतवैद्याच्या नेटची शाबासकी मी इमारतभर मिरवली होती, तरी त्यानं हूं की चूं केलं नव्हतं. मी डब्यासमोर बसून राहिलो. हिरवा दिवा लागलेला होता. लेक जवळ येऊन म्हणाली, "बाबा, चहा टाकू?"

"टाक," मी म्हणालो. "आणि समोर डॉक्टर घरी असतील तर त्यांनाही बोलाव."

"त्यांना का?"

"सहज," मी म्हणालो, आणि तिथून पुढे चहा होईपर्यंत तोंड उघडलं नाही. उभ्या जन्मात इतकं अवघड मी कधी गप्प बसलो नव्हतो.